जुन्या जिप्सीला १.३ लिटरचे इंजिन: घरच्या शेडमध्ये बदल करताना

मारुती जिप्सीचे पहिले रूप, म्हणजे एमजी४१०, १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आले, तेव्हा तिच्या बॉनेटखाली ९७० सीसीचे, सुमारे ४५ बीएचपी देणारे एफ१०ए हे कार्ब्युरेटरचे (पेट्रोल व हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणारे) इंजिन आणि त्यामागे चार गिअरचा गिअरबॉक्स होता. पुढे १९९६ मध्ये जिप्सी किंग आली. तिच्यात १२९८ सीसीचे, सुमारे ६० बीएचपीचे जी१३बीए इंजिन आणि पाच गिअर होते. २००० मध्ये त्याच मापाचे, पण सोळा व्हॉल्व्हचे आणि एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) प्रणालीचे जी१३बीबी इंजिन दिले गेले आणि शक्ती सुमारे ८० बीएचपीवर गेली. चार माणसे आणि सामान घेऊन वरंधा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या ४१० च्या मालकाला हा आकडा खुणावतो, यात नवल नाही. जुन्या ४१० मध्ये हे १.३ लिटरचे इंजिन बसवण्याचा बदल घरी करता येतो. मात्र तो करू पाहणारे बहुतेक जण इंजिन शोधण्यापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते काम रखडण्याचे पहिले कारण हेच असते. या कामात इंजिन हा सर्वांत सोपा भाग आहे; वेळ, पैसा आणि झोप जाते ती त्याच्या भोवतालच्या गोष्टींत.

कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये, परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. खराब इंजिन काढून त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवणे आणि त्याचा क्रमांक नोंदवून घेणे हा नित्याचा व्यवहार आहे. ४१० मध्ये १.३ लिटरचे इंजिन बसवताना बनावट तीच राहते, पण प्रकार बदलतो, घनक्षमता बदलते, आणि प्रश्न तिथेच उभा राहतो.

म्हणून एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, त्यात जुन्या व प्रस्तावित इंजिनाचे क्रमांक आणि घनक्षमता स्पष्ट लिहावी, आणि उत्तरही लेखीच घ्यावे. खिडकीबाहेरच्या माणसाने दिलेले ‘होऊन जाईल’ हे आश्वासन म्हणजे परवानगी नव्हे. नकार मिळाला, तर दोनच प्रामाणिक मार्ग उरतात: मूळ एफ१०ए इंजिनाची व्यवस्थित दुरुस्ती करून घेणे, किंवा ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर न आणता केवळ खासगी जमिनीवर वापरणे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या पुनर्नोंदणीच्या वेळी चासी क्रमांकाप्रमाणेच इंजिन क्रमांकही ताडून पाहिला जातो, त्यामुळे गुपचूप केलेला बदल फार तर पाच वर्षे लपतो. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारण्यासाठी न कळवलेला बदल हे आयते कारण मिळते.

इंजिन नव्हे, भागांची गाडी

परवानगी हाती आली की खरेदी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्य शहरांतील भंगार बाजारांत सुटे जी१३बीबी इंजिन मिळू शकते, आणि ते पाहून मोह होतो. तो टाळावा. शक्य असेल तर अपघातात चेपलेली किंवा बॉडी कुजलेली, पण इंजिन चालू असलेली एमपीएफआय जिप्सी पूर्ण विकत घ्यावी. लष्कराच्या लिलावांतून निघालेल्या जिप्सी हाही एक स्रोत आहे. अशा गाडीतून इंजिनासोबत गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, माउंटिंग, रेडिएटर, ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), न कापलेले संपूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, पंपासह पेट्रोल टाकी, सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा डबा) आणि ब्रेक बूस्टर (ब्रेकच्या पायाला जोर देणारे यंत्र) असा पूर्ण संच मिळतो. माझ्या पहिल्या कामात मी फक्त इंजिन आणले होते आणि विक्रेत्याने वायरिंग कनेक्टरपाशी कापून दिले होते. इंजिन एका रविवारी बसले; त्या कापलेल्या तारा जुळवण्यात सबंध पावसाळा गेला.

एस्टीममध्येही १.३ लिटरचे जी१३ घराण्याचेच इंजिन असल्यामुळे ते स्वस्तात घ्यावे, असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. एस्टीमचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. जिप्सीचे उभे बसते, त्याच्या खालून पुढचा सलग ॲक्सल जातो आणि मागे लांब गिअरबॉक्स असतो. त्यामुळे ऑइल चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे), तेल ओढणारी नळी, मॅनिफोल्ड, पाण्याच्या वाटा, फ्लायव्हील आणि माउंटिंगचे ब्रॅकेट जिप्सीचेच लागतात. हे सगळे आधीच हाती असेल, तरच एस्टीमच्या इंजिनाचा विचार करावा.

खरेदीपूर्वी इंजिन चालू असताना पाहावे, आणि ते थंड असताना सुरू करण्याचा आग्रह धरावा, कारण आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. तेलाच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला, तर पाणी तेलात उतरत आहे असे समजावे. जी१३ चे हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. एकदा जास्त तापलेले हेड वाकते आणि मग गॅस्केट टिकत नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एकूण आकड्यापेक्षा चारांतील फरक महत्त्वाचा असतो, आणि तो साधारण एक बारच्या आत असावा. गाडीला इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असेल, तर मूळ किल्ली आणि त्याचे युनिट घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण त्यांच्याविना ईसीएम इंजिन सुरूच होऊ देणार नाही. पावतीवर इंजिन क्रमांक हवा, आणि सोबत त्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व नोंदणी रद्द झाल्याचे पत्रही हवे. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या अंगणात सापडणे परवडत नाही.

जागा, उचलणे आणि काढणे

जमीन सपाट आणि काँक्रीटची असावी. मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि उचलणीच्या क्रेनची चाके फिरत नाहीत. इंजिन व गिअरबॉक्स मिळून वजन शंभर किलोच्या वर जाते. त्यासाठी भाड्याने मिळणारी घडीची क्रेन सर्वांत बरी. चेन ब्लॉक वापरायचाच असेल, तर तो आरसीसी तुळईला किंवा त्यासाठीच उभारलेल्या लोखंडी चौकटीला लावावा. पत्र्याच्या शेडचा पाइप किंवा आंब्याची फांदी यांच्या भरवशावर राहू नये. गाडीखाली जाताना चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकलेली असावी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. पेट्रोलला चालणारे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. घरात लहान मुले असतील, तर टांगलेल्या इंजिनाच्या दिवशी त्यांना मामाकडे पाठवावे.

काढण्याचे काम तुलनेने सरळ आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वांत आधी काढावी. बिजागऱ्यांभोवती खूण करून बॉनेट उतरवावे. पाणी, इंजिनाचे तेल आणि गिअरबॉक्सचे तेल वेगवेगळ्या डब्यांत काढावे. मग रेडिएटर, एअर फिल्टर, पेट्रोलच्या नळ्या, ॲक्सिलरेटर व क्लचच्या केबल, स्टार्टरच्या तारा, सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि आतून गिअरचा दांडा सोडवावा. सोडवलेल्या प्रत्येक तारेला कापडी चिकटपट्टीवर नाव लिहून लावावे आणि सोडवण्यापूर्वी तिचा फोटो काढावा. तीन आठवड्यांनंतर आपल्याला काय आठवेल, याबद्दलचा आपला अंदाज नेहमीच चुकतो. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. दोहोंमध्ये एक आखूड प्रॉपेलर शाफ्ट (शक्ती पुढे नेणारा फिरता दांडा) असतो. तो काढला की इंजिन व गिअरबॉक्स एकत्रच, पुढचे टोक वर करून, बाहेर घेता येतात आणि ट्रान्सफर केस जागेवरच राहतो.

तोच आखूड शाफ्ट नंतर नडतो. पाच गिअरचा गिअरबॉक्स आल्यावर त्याच्या मागच्या फ्लँजपासून (जोडणीच्या चकतीपासून) ट्रान्सफर केसच्या फ्लँजपर्यंतचे अंतर तेच राहील असे गृहीत धरू नये. माउंटिंग कायम करण्यापूर्वी ते मोजावे आणि भागांच्या गाडीतला शाफ्ट बसतो का, ते पाहावे. लांबी कमी-जास्त करावी लागलीच, तर ते काम प्रॉपेलर शाफ्ट बॅलन्स करणाऱ्या कारखान्यातच करून घ्यावे. घरी वेल्डिंग केलेला शाफ्ट साठच्या वेगाला पायाखाली थरथरतो आणि पुढे सांध्यातला क्रॉस खातो.

इंजिन बाहेर असतानाच

नवे इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर बेअरिंग, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून टाकावे. यांतील एकही वस्तू फार महाग नाही, पण क्रँकचा मागचा सील गळू लागला की तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. क्लच प्लेटची स्प्रिंग असलेली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे येते. प्लेट मध्यावर आणण्यासाठी त्या मापाची खुंटी किंवा जुन्या गिअरबॉक्सचा त्याच दात्यांचा शाफ्ट वापरावा. गिअरबॉक्स जोडताना तो हाताच्या दाबाने पूर्ण टेकला पाहिजे. बोटभर फट उरली असताना बोल्ट आवळून ती मिटवण्याचा प्रयत्न केला, तर बेल हाउसिंगला (क्लचभोवतीच्या कवचाला) तडा जातो. फट राहिली याचा अर्थ प्लेट मध्यावर नाही. जोडणीच्या वेळी गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही त्याच्या क्लचमध्ये शिरणाऱ्या शाफ्टवर टांगू देऊ नये.

माउंटिंग आणि मोकळी जागा

माउंटिंगपाशी घाई केल्यास तिची किंमत गाडी असेपर्यंत मोजावी लागते. प्रथम गिअरबॉक्स त्याच्या मागच्या आधारावर सैलसा बसवावा, मग इंजिन क्रेनवर टांगलेलेच ठेवून योग्य जागी आणावे आणि चारही बाजूंनी पाहावे. चासीवरचे ४१० चे ब्रॅकेट जुळले नाहीत, तर भागांच्या गाडीवरील मापे घेऊन जाड लोखंडी प्लेटचे नवे ब्रॅकेट बनवावे, ते आधी ठिपक्या-ठिपक्याने टाचावे, इंजिन एकदा काढून पुन्हा बसवून पाहावे आणि समाधान झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग करावे. ते अनुभवी वेल्डरकडून करून घेण्यात कमीपणा नाही. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी सुटलेली आणि ईसीएम गाडीबाहेर असावा.

मोकळी जागा तीन ठिकाणी पाहावी लागते. ऑइल चेंबर आणि पुढचा ॲक्सल यांतील अंतर गाडी घोड्यांवर असताना फसवे दिसते, कारण तेव्हा ॲक्सल खाली लोंबत असतो. पाटे पूर्ण दबून रबरी बफर टेकेल अशा स्थितीत जॅकने ॲक्सल वर उचलून ते मोजावे. खड्ड्यात चेंबर ॲक्सलवर आपटला, तर तेल रस्त्यावर जाते आणि इंजिन त्यामागोमाग जाते. दुसरी जागा स्टीअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यातली, आणि तिसरी पंखा व रेडिएटर यांच्यातली. ब्रेक लावल्यावर रबरी माउंटिंगवर इंजिन पुढे झुकते, हे विसरू नये. बॉनेटचेही पाहावे लागते. जिप्सी किंगच्या बॉनेटवरचा उंचवटा हा मोठ्या इंजिनाला जागा देण्यासाठीच आलेला आहे, त्यामुळे भागांच्या गाडीचे बॉनेट फेकून देऊ नये.

पेट्रोल आणि वायरिंग

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरचा यांत्रिक पंप पेट्रोल जेमतेम ०.२ ते ०.३ बार दाबाने पुढे ढकलतो. एमपीएफआय प्रणालीत हाच दाब अडीच ते तीन बार असतो. म्हणजे जुन्या रबरी नळ्या आणि साध्या क्लिपा चालणार नाहीत. दाबासाठी बनवलेली इंजेक्शनची नळी आणि तिच्याच क्लिपा वापराव्यात, आणि नळ्या एक्झॉस्टपासून व हलणाऱ्या भागांपासून दूर न्याव्यात. आत पंप असलेली एमपीएफआय गाडीची टाकीच बसवणे उत्तम. जुन्या टाकीला बाहेरून पंप जोडण्याची युक्ती अनेकांनी केली आहे, पण टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावर घाटातल्या वळणावर पेट्रोल एका कडेला सरकते, पंप हवा ओढतो, आणि ज्या चढासाठी हा सारा खटाटोप केला त्याच चढावर गाडी गचके देते.

वायरिंगचे तत्त्व असे की इंजिनाचे वायरिंग आणि गाडीचे वायरिंग ही दोन वेगळी घराणी मानावीत आणि त्यांच्यात मोजकेच संबंध जोडावेत. दिवे, हॉर्न, वायपर यांचे ४१० चे वायरिंग जसेच्या तसे राहू द्यावे. ईसीएमच्या वायरिंगला बॅटरीतून थेट फ्यूजमार्गे कायमचा करंट, इग्निशनच्या किल्लीतून येणारा करंट, मुख्य रिले, पेट्रोल पंपाचा रिले, चेक इंजिनचा दिवा आणि अर्थिंग एवढे लागते. यांत अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ईसीएमचे अर्थ मूळ गाडीत ब्लॉकवर ज्या बोल्टला होते तिथेच द्यावे, रंग खरवडून जागा चकचकीत करावी, आणि ब्लॉक, चासी व बॅटरी यांना जोडणारी जाड पट्टी नवी टाकावी. सेन्सर विचित्र आकडे दाखवू लागले की बाजारातून नवा सेन्सर आणण्याआधी अर्थिंग तपासावे. ईसीएम केबिनमध्ये, पाय ठेवण्याच्या पातळीच्या वर बसवावा. कोकणातल्या पावसात आणि ओढा ओलांडताना जिप्सीच्या तळाशी पाणी साचतेच.

ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये मूळ अंतरावरच असावा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये. तो काढल्याने वाढलेली शक्ती प्रत्यक्षात जाणवत नाही, पीयूसीच्या वेळी धूर मात्र जाणवतो.

ब्रेक आणि गुणोत्तर

एमपीएफआय इंजिनासोबत जिप्सीला ब्रेक बूस्टर मिळाला होता. ४१० मध्ये तो नाही. शक्ती जवळजवळ दुप्पट करून ब्रेक १९८५ चेच ठेवणे हा निव्वळ अविचार आहे. भागांच्या गाडीतील बूस्टर आणि मास्टर सिलिंडर बसवावा, त्याची हवेची नळी एकमार्गी व्हॉल्व्हसह इनलेट मॅनिफोल्डला जोडावी, ब्रेकच्या रबरी नळ्या व तेल नवे घालावे. माझ्यापुरता नियम असा आहे की ब्रेकचे काम पूर्ण होईपर्यंत इंजिनाची किल्ली कपाटात राहते.

ॲक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते, घरी मोजता येते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या चाकांना अडण्या लावाव्यात, मागचे एक चाक जमिनीवर राहू द्यावे आणि दुसरे उचलून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टचे जेवढे फेरे होतील, ते गुणोत्तर. भागांच्या गाडीचा ॲक्सल वापरायचा झाला, तर पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच गुणोत्तराचे असावेत, अन्यथा फोर व्हील ड्राइव्ह टाकताच ट्रान्सफर केस अडकतो. शिवाय १९९३ पासूनच्या वाइडट्रॅक जिप्सीच्या चाकांमधले अंतर आधीच्या गाडीपेक्षा ९० मिलिमीटरने जास्त आहे. तिचे ॲक्सल जुन्या ४१० ला लावले, तर टायर मडगार्डबाहेर येतात आणि नोंदणीतील तपशिलांत आणखी एक फरक पडतो.

पहिला स्टार्ट

तेल, कुलंट आणि गिअरबॉक्सचे तेल भरल्यावर पेट्रोल पंपाचा रिले काढून ठेवावा आणि स्टार्टर थोडा-थोडा, मध्ये विश्रांती देत फिरवावा, जोवर तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझत नाही. मग रिले बसवून किल्ली फक्त इग्निशनवर न्यावी आणि विजेरीच्या उजेडात पेट्रोलचा प्रत्येक जोड कोरडा आहे का, ते बोटाने पाहावे. त्यानंतरच इंजिन सुरू करावे. ते लगेच सुरू झाले तर उत्साहाने रेस करू नये. आरामात चालू द्यावे, रेडिएटरमधील हवा निघू द्यावी, हीटरच्या नळ्या गरम होतात का हे पाहावे आणि तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होईपर्यंत गाडीपासून हलू नये. गाडी थांबताना आयडलिंग वरखाली होत असेल, तर वेगाचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोहोचतो का, हे तपासावे. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते, त्यामुळे ही जोडणी विसरली जाते.

पहिले काही दिवस घराच्या परिसरातच फिरवावे आणि रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा अंथरून गळती पाहावी. परिवहन कार्यालयात तपासणीला नेण्यापूर्वी ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक पेट्रोलने पुसून वाचता येईल असा करावा, आणि बदलाची नोंद प्रमाणपत्रावर चढल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे. पाचशे किलोमीटरनंतर इंजिनाचे तेल व फिल्टर बदलून माउंटिंग, बेल हाउसिंग, शाफ्टच्या फ्लँज आणि मॅनिफोल्ड यांचे बोल्ट तपासावेत. जोडणीच्या वेळी प्रत्येक बोल्ट आणि त्याची बैठक यांवरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढलेली असेल, तर हे काम पाच मिनिटांचे होते. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावा. तोच बोल्ट दुसऱ्यांदा सैल झाला, तर दोष बोल्टचा नसून ब्रॅकेटच्या बैठकीचा आहे असे समजून ते माउंटिंग पुन्हा उघडावे.